दोन दातांमधली फट

माझ्या बायकोचे पुढचे दोन दात माझ्या हेल्मेटमुळे मोडले. हे वाक्य कुणालाही सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग तिच्याकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे. त्या दुसऱ्यांदा बघण्यात काय असतं ते मला चांगलं कळतं. म्हणून मी हल्ली सांगतच नाही. ती सांगते. "म्हशीनं मोडलं," म्हणते. लोक हसतात आणि विषय मिटतो. मी शेजारी उभा राहून त्या हसण्यात सामील होतो, आणि आतून मला स्वतःचीच लाज वाटते.

म्हैस होती हे खरंच आहे. पाडव्याचा दिवस होता. सकाळी हिनं मला ओवाळलं, मी साडी दिली, ती तिनं लगेच नेसली आणि दुपारी आम्ही स्कूटरवरून कसबा बावड्याला तिच्या भावाकडे निघालो. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, म्हणून ती मुक्कामाला राहणार होती. पाडव्याला बावड्यात म्हशी पळवतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, अंगावर नक्षी. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवरून मालक हाळी देत पुढं, आणि त्याची म्हैस शेपटी वर करून त्याच्या मागं. "आज मधल्या रस्त्यानं नको, मागच्या बाजूनं घ्या," असं हिनं घरातून निघतानाच सांगितलं होतं. मी "हो हो" म्हणालो आणि स्कूटर मधल्याच रस्त्याला घातली. मला म्हशी बघायच्या होत्या.

एक म्हैस मालकाची गाडी सोडून एकदम आडवी आली. मी तिच्या शिंगांना बांधलेल्या मोरपिसांकडेच बघत होतो. दोन्ही ब्रेक एकदम दाबले. स्कूटर थांबली, मीही थांबलो, मागं बसलेली ही मात्र थांबली नाही. तिचं तोंड माझ्या हेल्मेटवर आदळलं. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. आणि मी काय केलं? आधी म्हशीच्या मालकाला शिव्या घातल्या. तोही बावड्याचा, त्यानंही घातल्या. आमचं चांगलं जुंपलं. मग कुणीतरी म्हणालं, "ओ पावणं, मागं वहिनी बगा की." मी वळलो तेव्हा ती रस्त्याच्या कडेला बसली होती. नव्या साडीचा पदर तोंडाला लावलेला, आणि पदर लाल.

हेल्मेटचंही सांगून टाकतो. आमच्या ऑफिसात ते सक्तीचं झालं म्हणून मी घेतलं. दुकानदार म्हणाला होता, "वहिनींनाबी एक बघू का?" ही माझ्या शेजारी उभी होती, एक निळं हातात घेऊन बघतही होती. "मागच्याला काय करायचंय?" असं मीच म्हणालो आणि तिच्या हातातलं परत फळीवर ठेवलं. आमच्याकडे हे असंच चालत आलंय. भाजीवाला, वायरमन, ती शिकवते त्या शाळेतल्या बाई, कुणीही तिला काही विचारलं की उत्तर मी देतो. माझं तोंड आधी उघडतं. मला वाटायचं, तिचा त्रास वाचतो.

शिवाजी पेठेत एका औषधाच्या दुकानाच्या वर दातांचा दवाखाना आहे, तिथं हिला तसंच नेलं. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. हिच्या तोंडात बघितलं, एक्स-रे काढला आणि मला म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा." मला काही कळेना. बाहेरच्या बाकावर बसल्यावर उजेड पडला. हिला एकटीला विचारायचं होतं, लागलं कसं. माझा पारा असा चढला की काय सांगू! मी? बायकोवर हात? तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. सुजलेल्या ओठांनी ही म्हशीची गोष्ट सांगत होती आणि डॉक्टरीणबाई हसत होत्या. मला आत बोलावलं. मी तोंड फुगवूनच आत गेलो. तिला जबड्याचं दुखणं होतं आणि मला माझ्या अब्रूचं. हे आठवलं की आजही मान खाली जाते.

एक दात अर्ध्यात मोडला होता, आतली नस उघडी पडली होती. दुसऱ्याचा मोठा कोपरा गेला होता. पहिल्याला रूट कॅनाल आणि मग दोन्हींना कॅप. आता आमच्या ओळखीत कुणाच्या पुढच्या दातांना कॅप बसवायची ठरली की माझा फोन वाजतो. मी काही डॉक्टरकी शिकलेला नाही, पण सगळं जवळून बघितलंय, म्हणून सांगतो. भुलीची सुई वरच्या ओठाच्या आत, हिरडीत देतात, तेव्हा डोळ्यांत टचकन पाणी येतं. मग ओठ आणि नाक आपलं राहत नाही, हात लावून बघावं लागतं. रूट कॅनाल ऐकायला भयंकर वाटतं, पण भूल नीट चढली तर कंटाळाच जास्त. खरं जड काम पुढं असतं. कॅप बसायला जागा हवी म्हणून उरलेला दात चारी बाजूंनी घासून बारीक करतात. त्या वेळी आरसा मागू नका आणि बरोबर आलेल्या माणसानं तर मुळीच डोकावू नये, असं मी बजावून सांगतो. मी डोकावलो होतो. इतकी वर्षं जे हसू मी बघत आलो त्याच्या मध्यभागी दोन बारके खुंट उभे होते. मी बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो. खाली तालमीची पोरं फुटबॉलवरून भांडत होती, त्यांचं भांडण ऐकत राहिलो.

मग तात्पुरत्या कॅपा लावतात. त्या कच्च्या असतात, समोरच्या दातांनी काही चावायचं नाही. गार पाणी लागलं की कळ डोक्यात जाते. हिरडी हुळहुळी होते, ब्रश लावला की रक्त येतं, पण ब्रश सोडायचा नसतो. बोलताना वारा कुठूनतरी निसटतो. ही पहिलीच्या वर्गाला शिकवते. तिनं दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा घेतली, पोरं हसतील म्हणून. तिचं हसणं आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. वरच्या मजल्यावर हसली की खालचे विचारतात, काय झालं. ते बंद झालं. हसू आलंच तर हात तोंडावर जायचा.

मी सेवेला लागलो. भाकरी आमटीत कुस्करून दे, पेरूच्या बारीक फोडी कर, दूध कोमट कर. उठता-बसता विचारायचं, "दुखतंय का? बघू." एकदा ती म्हणाली, "तुम्ही विचारायचं थांबलात की थांबंल बहुतेक." मी ते चेष्टेवारी नेलं. मला विचारल्याशिवाय राहवतच नव्हतं. ती "न्हाय दुखत" म्हणाली की मला तासभर बरं वाटायचं. मग पुन्हा आतून कुरतडायला लागायचं, मग पुन्हा विचारायचं.

आता खरी गोष्ट. हिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. तांदळाचा दाणा अडकेल एवढी. तिच्या आईला होती, भावाला आहे. मी ती रोज बघत होतो, म्हणजे कधीच नीट बघितली नव्हती.

कॅपांचं माप घ्यायच्या दिवशी हिच्या तोंडात दातांचा ठसा घ्यायच्या मसाल्यानं भरलेला साचा होता. ही खुर्चीत आडवी, नजर वरच्या दिव्याकडे. मसाला घट्ट व्हायची वाट बघता बघता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकूंच्या जुन्या फोटोत मधे फट दिसतेय. तशीच ठेवायची की बंद करायची? दोन्ही करता येतं. घाई नाही, त्यांना घरी विचार करू दे."

"बंदच करा," मी म्हणालो. "करतोयच तर चांगलं करू. आणि रंग जरा उजळ घ्या."

"उजळ घेतला तर शेजारचे दात पिवळे वाटतील, काका. आणि फटीचं काकूंना विचारूया की."

"ती काय म्हणणार? मी सांगतोय ना."

रंगाचं त्यांनी माझं ऐकलं नाही. पट्टीवरचे नमुने हिच्या दातांजवळ धरून, खिडकीच्या उजेडात बघून, जुळणाराच निवडला. फटीचं ऐकलं. मसाला घट्ट व्हायला अगदी थोडा वेळ लागणार होता. तेवढा मी थांबलो असतो तर तिनं तिचं ती सांगितलं असतं. पण मी खुशीत होतो. अपघातात गेले त्याहून देखणे दात मी तिला मिळवून देणार होतो. मोडणारा मी आणि सुधारणाराही मीच, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. घरी येताना ती गप्प होती. भूल उतरत असेल, असं मी धरून चाललो.

कॅपा आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्या आधी कच्च्या सिमेंटनं बसवल्या. "थोडे दिवस घालून बघा. खा, बोला, हसा. काही बदलायचं असेल तर आताच. एकदा पक्क्या बसवल्या की काढायला कापाव्या लागतात." हिच्या हातात आरसा दिला. तिनं ओठ उचलून बराच वेळ बघितलं. जीभ दोन दातांच्या मधे नेली, मागे घेतली, पुन्हा नेली.

"छान झालंय," ती म्हणाली.

"बघितलंस? वीस वर्षांनी लहान दिसायला लागलीस!" मी म्हणालो. त्या दिवसापासून घरी मी नवीनच सुरू केलं. "हसून दाखव." चहा देताना हसून दाखव, कपडे वाळत घालताना हसून दाखव. फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे पाठवले. मला वाटलं, सुटलो.

त्याच आठवड्यात तिचा भाऊ आला. त्यांचं गुऱ्हाळ लागलं होतं, गुळाची ढेप आणि काकवीचा डबा घेऊन आला. अपघाताच्या दिवशी दवाखान्यात त्यानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "दाजी, म्हसरूच ना नक्की?" तेव्हापासून मी त्याच्याशी जरा जपूनच बोलत होतो. या वेळी मात्र मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "बघा, तुमच्या ताईला कसे दात करून दिलेत. अगं, हसून दाखव."

ती हसली. तो बघत राहिला.

"आयला," तो म्हणाला, "ताई, आईची फट बुजीवलीस व्हय?"

आणि त्याच्या लक्षात आलं की बोलायला नको होतं, म्हणून तो ओशाळून हसला. त्याच्या दातांत ती फट होतीच. ही "चहा टाकते" म्हणून आत गेली. चहाला फार वेळ लागला. मी बघायला गेलो तर ती ओट्याशी उभी राहून स्टीलच्या ताटाच्या पाठीत स्वतःचे दात बघत होती. मी आल्या पावली मागं फिरलो.

दात मोडले ते निदान चुकून मोडले होते. म्हैस होती, ब्रेक होते, नशीब होतं, कशावरही ढकलता आलं असतं. फट मी माझ्या तोंडानं, चांगल्या शुद्धीत बुजवली होती. तिची आई गेल्याला बरीच वर्षं झाली. तिचा एकच धड फोटो आहे, त्यात ती हसतेय. हे सगळं मला तेव्हा सुचलं, भाऊ चहा पिऊन गेल्यावर.

मी गच्चीवर जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "पक्क्या बसवू नका. कॅपा परत पाठवा, फट ठेवून नव्यानं करून घ्या."

"चालेल, अजून वेळ गेलेली नाही. काकूंना तसं हवंय का?"

"तिचीच इच्छा आहे," मी सांगितलं.

खाली आलो तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. मी अगदी ओझं उतरवल्यासारखा तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "काळजी करू नको. डॉक्टरांशी बोललो. तुझी फट परत मिळणार."

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली.

"मला फट पाहिजे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं, तुझा भाऊ म्हणाला ना, आईची म्हणून…"

"भाऊ म्हणाला. त्याच्या आधी तुम्ही म्हणालात. मी कवा म्हणाले?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता. "तोंडात ते माप घेऊन पडले होते, पण कान उघडं होतं माझं. सगळं ऐकलं मी."

मी जमिनीवर सांडलेली पानं गोळा करायला लागलो.

"मला ती फट लहानपणापासनं आवडायची न्हाय," ती म्हणाली. "शाळंत पोरी म्हणायच्या, दार उघडं हाय तुझं. आपल्या लग्नाचे फोटो काढून बघा, एकात तरी ओठ उघडलाय का मी? त्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं असतं तर मीच म्हणाले असते, बुजवा. आनंदानं म्हणाले असते."

माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू. "मग झालंच की! तुला पाहिजे होतं तेच झालं."

"झालं की." ती पुन्हा मेथी निवडायला लागली. "आता जीभ तिथं गेली की आई आठवत न्हाय, आन् आनंदबी होत न्हाय. तुम्ही आठवता. 'ती काय म्हणणार' म्हणालेले."

मी तिथंच बसून राहिलो. माफी मागावी असं वाटत होतं, पण माफी मागितली की ती "जाऊ दे" म्हणणार, आणि मला पुन्हा तासभर बरं वाटणार, हे आता माझं मलाच दिसत होतं. मी मेथीची एक जुडी ओढून निवडायला घेतली. तिनं माझ्या निवडलेल्यातल्या काड्या वेगळ्या काढल्या. नंतर मी डॉक्टरीणबाईंना पुन्हा फोन केला आणि सांगितलं की मगाशी मी जे बोललो ते माझं होतं, तिचं नव्हतं. तुम्ही तिलाच विचारा. त्या "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"मध्ये बरंच काही होतं.

ठरल्या दिवशी दवाखान्याच्या दारात ती म्हणाली, "मी एकटीच जाते आत."

मी बाकावर बसलो. शेजारी एक आजोबा कवळीच्या मापासाठी आले होते, त्यांनी विचारलं, "काय, बायकोचं काम?" मी मान हलवली. आत यंत्राचा आवाज नव्हता, फक्त बोलण्याची कुजबुज. काय ठरतंय हे ऐकायला मी कान लावले, मग लाज वाटली आणि पंख्याच्या आवाजाकडे लक्ष दिलं. माझं मत काय आहे हे मी स्वतःलाही विचारत नव्हतो. फट असो की नसो, मला फक्त ती हात न लावता हसायला हवी होती. पण हेही पुन्हा माझंच हवं होतं.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. ओठ मिटलेले. आम्ही जिना उतरलो. तिला पायी चालायचं होतं, म्हणून स्कूटर तिथंच ठेवली. प्रश्न जिभेवर आला होता, तो मी दात दाबून आत ठेवला. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसलो नसेन. तालमीजवळ आल्यावर तीच बोलली.

"हाय तेच बसवलं. पक्कं."

"बरं," मी म्हणालो.

"आज त्यांनी नीट विचारलं मला. दोन्ही चित्रं दाखवली, फटीचं आन् बिनफटीचं. म्हणाल्या, काकू, तुम्हाला कसं पाहिजे?" ती चालता चालता थांबली. "मला सांगताच येईना. लई वेळ बसले. मग म्हटलं, थांबा, ह्यांना विचारून येते."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"आन् खुर्चीतनं उठलेबी. दाराच्या कडीला हात लावला, तवा कळलं मी काय करायलेय ते. मग परत जाऊन बसले."

त्या दाराच्या अलीकडे मी बसलो होतो. तिनं दार उघडून विचारलं असतं, तर मी उत्तर दिलं असतं.